खांदेरीचा हजेरीपट

थळच्या किनाऱ्यावरून होडीने आम्ही खांदेरी बेटावर गेलो. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार तोफा घेऊन येथे उतरला. मुंबईच्या तोंडाशीच तट उठू लागला, तेव्हा इंग्रजांनी समुद्रातून नाकेबंदी केली. पण त्यांची जड जहाजे वाऱ्यावाचून खोळंबत. मराठ्यांचे वल्ह्यांचे मचवे रात्री रसद पोचवीत आणि दगडावर दगड चढत राही. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली.

मायनाकाचे नाव इतिहासाने राखले. दगड वाहणाऱ्यांचा तट उभा आहे. त्यांचा हजेरीपट मात्र कोठेच नाही. आपल्या गेवराईहून ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक कोयत्याची नावनोंदणी आम्ही का मागतो, ते त्या तटाशी उभे राहिलात म्हणजे कळेल.