सॉदरमाल्म : घर, वस्ती आणि स्मृती

शहराचा इतिहास बहुधा राजवाडे, प्रार्थनामंदिरे आणि नगरसभा यांच्या आधारे लिहिला जातो. ज्यांच्या श्रमांवर शहर उभे राहते, त्यांच्या बिऱ्हाडांचा इतिहास मात्र करवसुलीची दप्तरे, जन्ममृत्यूंच्या नोंदी आणि आरोग्याधिकाऱ्यांचे अहवाल यांत विखुरलेला राहतो. स्वीडनच्या राजधानीतील सॉदरमाल्म या वस्तीचे भाग्य असे, की तिचा विखुरलेला इतिहास एका कादंबरीकाराने एकत्र आणला. ती वस्ती आणि ती कादंबरी यांचा परस्परसंबंध तपासणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

मेलारेन सरोवराचे पाणी जेथे बाल्टिक समुद्राला मिळते, तेथील बेटांवर स्टॉकहोम वसले आहे. जुन्या शहराच्या दक्षिणेस उंच कड्यांचे जे बेट आहे, ते सॉदरमाल्म. लोकांच्या तोंडी नुसते ‘सॉदर’. १७२३ च्या मे महिन्यात लागलेल्या आगीत येथील कातारिना या भागाची मोठी हानी झाली. त्यानंतर खडकांच्या उतारांवर पुन्हा लहान लाकडी घरे उभी राहिली. खलाशी, विणकर, गोदीतले हमाल आणि धुणी धुणाऱ्या बायका यांची ही वस्ती. कवी कार्ल मिकाएल बेलमान यांचा जन्म १७४० मध्ये याच बेटावर झाला. औगुस्त स्ट्रिंडबर्ग यांच्या ‘लाल दालन’ (१८७९) या कादंबरीचा प्रारंभही येथील मोसेबाके या उंचवट्यावर होतो. परंतु तिचा नायक तेथे उभा राहून पाहतो ते पलीकडचे, सत्तेचे व प्रतिष्ठेचे शहर. सॉदरकडे त्याची पाठ असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टॉकहोमची लोकसंख्या लाखाच्या आत होती. १९०० मध्ये ती तीन लाखांवर गेली. खेड्यांतून आलेल्या या माणसांना काम मिळे, पण निवारा मिळत नसे. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत अख्खे कुटुंब राही आणि भाडे भागावे म्हणून त्यातही पोटभाडेकरू ठेवी. जो एकटा असे, तो खोली घेत नसे. रात्रीपुरती पाठ टेकण्याची जागा घेई. संडास अंगणात असत आणि पाणी बाहेरून वाहून आणावे लागे. १८३४ च्या पटकीच्या साथीत शहरात तीन हजारांहून अधिक माणसे मेली होती. १८६१ मध्ये सॉदरच्या दक्षिण टोकाला स्कान्सतुल येथे शहराचा पहिला जलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला, तरी नळ गरिबांच्या खोलीपर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागला.

या परिस्थितीला मिळालेली दोन उत्तरे एकाच घराण्यातून आली, हे लक्षणीय आहे. आल्बर्त लिंदहागेन यांच्या समितीने १८६६ मध्ये शहराचा नवा आराखडा मांडला. रुंद व सरळ रस्ते, हवा आणि उजेड हे त्याचे सूत्र. त्यांच्या कन्या आन्ना लिंदहागेन यांनी मात्र सॉदरच्या वाकड्या गल्ल्या व लाकडी घरे जपण्याचा आग्रह धरला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या, कामगारांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे मिळवून देणाऱ्या संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी होत. वस्ती सुधारावयाची की सांभाळावयाची, हा पेच असा पित्यापासून कन्येपर्यंत चालत आला.

विसाव्या शतकात हा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. १९२३ मध्ये भाडेकरूंच्या चळवळीतून बचत व गृहबांधणी करणारी ‘हॉसबे’ ही सहकारी संस्था निघाली. वास्तुविशारद स्वेन वालांदेर यांच्या नेतृत्वाखाली तिने साध्या माणसाच्या घरातही न्हाणीघर असावे, कपडे धुण्याची सामाईक सोय असावी, असा आग्रह धरला. १९२८ मध्ये पेर आल्बिन हान्सन यांनी संसदेतील भाषणात राष्ट्राला ‘लोकांचे घर’ म्हटले. राज्यसंस्थेच्या कल्पनेसाठी घराचीच प्रतिमा निवडावी, यातच त्या पिढीला काय उणे पडले होते ते कळते. १९३५ पासून मोठ्या कुटुंबांसाठी सरकारी साह्याने इमारती उभ्या राहू लागल्या आणि १९४२ मध्ये घरभाड्यांवर नियंत्रण आले.

सॉदरवरच जन्मलेल्या पेर आंदेर्स फोगेलस्ट्रॉम (१९१७–१९९८) यांनी जुन्या बिऱ्हाडांकडे वळून पाहिले ते या टप्प्यावर. ‘माझ्या स्वप्नांचे शहर’ (१९६०) ही त्यांच्या पाच खंडांच्या कादंबरीमालेतील पहिली कादंबरी. १८६० मध्ये हेन्निंग नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा शहरात येतो, गोदीवर राबतो, संसार मांडतो आणि अकाली खचतो. पुढचे खंड त्याची कन्या एमेली व तिच्या नंतरच्या पिढ्या यांच्यामागून १९६८ पर्यंत येतात. फोगेलस्ट्रॉम यांनी शहराच्या दप्तरखान्यांत कसून शोध घेतला होता. भाड्याची रक्कम, मजुरीचे तास, जिन्यातला अंधार हे तपशील म्हणूनच सजावटीपुरते राहत नाहीत. त्यांच्यातूनच कथानक घडते. स्ट्रिंडबर्गच्या नायकाने ज्या वस्तीकडे पाठ फिरवली होती, तिच्याकडे येथे लेखकाने तोंड वळविले.

मात्र ही मालिका लिहिली जात असतानाच जुनी घरे पाडली जात होती. नगरपालिकेच्या ‘स्तादस्होल्मेन’ (स्थापना १९३६) या कंपनीने काही लाकडी घरे राखली, अनेक गेली. १९७७ मध्ये ‘मुलवादेन’ (चिचुंदरी) या नावाच्या गृहसमूहात तरुणांनी पाडकामाला विरोध म्हणून ठाण मांडले. पुढील वर्षाच्या सप्टेंबरात पोलिसांनी त्यांना हटविले आणि इमारती जमीनदोस्त झाल्या. पुढे १९९० नंतरच्या दोन दशकांत नगरपालिकेची अनेक भाड्याची घरे रहिवाशांच्या मालकी संस्थांकडे गेली व त्यांच्या किमती चढत राहिल्या. एकेकाळी ज्या खोल्यांत हमालांची कुटुंबे दाटीने राहत, त्या आता हमालाला परवडणाऱ्या नाहीत.

‘घर सुधारले’ आणि ‘माणसाला घर मिळाले’ ही दोन विधाने एक नव्हेत, हे या इतिहासातून स्पष्ट होते. सुधारणेने रोगराई हटविली, उजेड आणला, मुलांचे मरण थांबविले. तिचे मोल कमी लेखणे हा गरिबीचा खोटा गौरव ठरेल. परंतु नीट झालेल्या घरात कोणी राहावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार जुन्या रहिवाशांच्या हाती राहिला नाही. जतन केलेल्या लाल घरांच्या भिंती पाहून तेथील जगणे कळत नाही. त्या भिंतींमागे किती माणसे निजत होती, हे सांगावयास हेन्निंग आणि एमेली यांची कथाच लागते. वास्तू जपणाऱ्यांनी आणि साहित्याच्या अभ्यासकांनी परस्परांची दप्तरे उघडावीत, याचे एवढे कारण पुरेसे आहे.