विजय कुणाच्या नावावर?

बेसबॉलमध्ये एक हिशेब असतो, जो क्रिकेटमध्ये नाही. मॅच जिंकली की विजय एका पिचरच्या नावावर लागतो, हरली की पराभवही एका पिचरच्याच. १८७५ साली बॉस्टन रेड स्टॉकिंग्जच्या अल स्पाल्डिंगच्या खात्यात ५४ विजय आणि ५ पराभव होते. ९१ टक्क्यांहून जास्त! पण त्या मोसमात त्याच्या टीमनेच ७१ मॅचेस जिंकल्या, फक्त ८ हरल्या. मग यात स्पाल्डिंग किती आणि टीम किती?

आता हाच हिशेब आपल्या पालवणकर बाळूंना लावून बघा. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर ते मैदान राखायचे आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास बॉलिंग टाकायचे. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. फर्स्ट क्लास मॅचेस १४, जिंकल्या फक्त २. बेसबॉलच्या पद्धतीने बाळू नापासच झाले असते. पण त्याच मॅचेसमध्ये या डावखुऱ्या स्पिनरने ७५ विकेट्स काढल्या, सरासरी साधारण २०. माणूस तोच, दौरा तोच. काय मोजलं त्यावर निकाल बदलला.

हिंजवडीत आम्ही रोज डॅशबोर्डवर माणसं मोजतो. कुणी किती तिकिटं बंद केली, ते लगेच दिसतं. कुणाला मीटिंगला बोलावलंच नाही, ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

बाळूंचंही असंच. पुण्याच्या हिंदू क्लबला त्यांच्या विकेट्स हव्या होत्या, पण ते दलित, म्हणून चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. ३३ फर्स्ट क्लास मॅचेसमध्ये १७९ विकेट्स, सरासरी १५ च्या आसपास. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ निषेध म्हणून बाहेर पडले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

तो विजय स्कोअरबुकात विठ्ठलच्या संघाच्या नावावर आहे. बाळू तेव्हा खेळत नव्हते. पण मला विचाराल तर त्यातला मोठा वाटा त्यांच्याच खात्यात जायला हवा.