आरेच्या दोन कडा आणि अ‍ॅनालॉग चिपची विद्या

गोरेगावच्या पूर्वेकडील आरे कॉलनीचा परिचित इतिहास १९४९ साली सुरू होतो. त्या वर्षी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरात विखुरलेले म्हशींचे तबेले तेथे एकत्र आणून दूध वसाहत उभारण्यास प्रारंभ झाला. तेथील वारली पाड्यांचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे. मात्र या हिरव्या पट्ट्याच्या दक्षिणेकडील दोन कडांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसराच एक इतिहास आकार घेत होता, आणि त्याची नोंद आरेच्या संदर्भात क्वचितच घेतली जाते. आग्नेयेला, पवई तलावाच्या काठी, १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटीच्या आवाराची कोनशिला १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसवली गेली. नैर्ऋत्येला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, १ मे १९७३ रोजी सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे बोलीभाषेतले ‘सीप्झ’, अस्तित्वात आले. एका कडेला इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण आणि दुसऱ्या कडेला इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना अशी ही रचना असली, तरी चिपचा आराखडा स्वतः करण्याची विद्या सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात येण्यासाठी त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

सीप्झची मुळे १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या आत्मपरीक्षणात सापडतात. इलेक्ट्रॉनिक सामग्रीसाठी देश परक्यांवर किती अवलंबून आहे हे त्या युद्धाने दाखवून दिले, त्यातून होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९६६ मध्ये आला आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोगाची स्थापना झाली. सीप्झ हे प्रारंभी केवळ इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी राखून ठेवलेले क्षेत्र होते. जवाहिऱ्यांच्या कारखान्यांना तेथे प्रवेश मिळाला तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेथील काम मुख्यतः जोडणीचे आणि चाचणीचे होते, आणि या कामात स्त्री-कामगारांचा वाटा मोठा होता. हातांचे हे कौशल्य खरे होते आणि त्यावर अनेक घरे उभी राहिली. परंतु जोडणी करणाऱ्याला चिपच्या आत काय आहे हे जाणून घेण्याची गरज पडत नसे आणि संधीही मिळत नसे.

चिपच्या आतले जग दोन प्रकारचे असते. डिजिटल परिमंडळात विद्युतदाबाच्या दोनच अवस्था, शून्य आणि एक, महत्त्वाच्या असतात. अ‍ॅनालॉग परिमंडळात मात्र दाबाचे आणि प्रवाहाचे सलग बदलणारे मूल्यच अर्थपूर्ण असते, आणि आवाज, तापमान, रेडिओलहरी यांच्याशी चिपचा संबंध प्रथम याच परिमंडळातून येतो. डिजिटल आराखड्याचा मोठा भाग संगणकावर आपोआप रचला जातो, तर अ‍ॅनालॉग आराखड्यात प्रत्येक ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी बहुधा अभियंताच ठरवतो. ‘बँडगॅप संदर्भ’ हे परिमंडळ याचे उत्तम उदाहरण आहे. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या टोकांमधील दाब तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. वेगवेगळ्या प्रवाहघनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या अशा दाबांतील फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. या दोहोंचा योग्य प्रमाणात मेळ घातला की तापमान बदलले तरी जवळपास स्थिर राहणारा, सुमारे १.२ व्होल्टचा दाब मिळतो. हे गणित कागदावर एका तासात समजते, पण प्रत्यक्ष सिलिकॉनवर शेजारी-शेजारी काढलेले दोन ट्रान्झिस्टरही तंतोतंत सारखे निघत नाहीत आणि त्या सूक्ष्म फरकाने सारा मेळ बिघडतो. म्हणूनच ही विद्या पुस्तकाबरोबरच साधनांवर आणि वारंवार करून पाहण्यावर अवलंबून असते.

या साधनांपैकी पहिले साधन सर्वांसाठी फार लवकर खुले झाले होते. परिमंडळ प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी त्याचे वर्तन गणिताने वर्तवणाऱ्या प्रणालीला सिम्युलेटर म्हणतात, आणि त्यांतील सर्वांत प्रभावी असा ‘स्पाइस’ बर्कली येथील विद्यापीठात लॉरेन्स नागेल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली रचून एप्रिल १९७३ मध्ये, सीप्झच्या स्थापनेआधी काही आठवडे, जगापुढे मांडला. त्याच्या पूर्वीच्या प्रणालीवर मालकीहक्काची बंधने होती आणि नवी प्रणाली सर्वांना मुक्तपणे वापरता यावी असा पेडरसन यांचा आग्रह होता. या आग्रहाचे ऋण जगभरातील विद्यार्थ्यांवर आहे, कारण आज वापरात असलेला खुला ‘एनजीस्पाइस’ त्याच वंशातला आहे. पवईतही याच दिशेने स्वतंत्र काम झाले: आयआयटीतील प्राध्यापक महेश पाटील यांनी ‘सीक्वेल’ हा परिमंडळ-सिम्युलेटर विकसित करून विनामूल्य उपलब्ध केला, ज्यात वापरणाऱ्याला नव्या घटकांची समीकरणे स्वतः लिहून जोडता येत. आरेच्या शेजारी असे साधन घडले ही गोष्ट मराठी वाचकांच्या स्मरणात असायला हवी.

सिम्युलेटरनंतरची पायरी लेआउटची, म्हणजे सिलिकॉनवरील थरांचे आकार प्रत्यक्ष आखण्याची. त्यासाठीचा ‘मॅजिक’ हा प्रोग्राम जॉन ऑस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात बर्कलीतच लिहिला. आखणी चालू असतानाच कारखान्याच्या नियमांचा भंग झाल्यास तो तत्काळ दाखवून देतो. तरीही खरी भिंत पुढेच होती. चिप बनवणारा कारखाना आपल्या प्रक्रियेचे नियम, थरांची माहिती आणि ट्रान्झिस्टरांची गणिती प्रारूपे एका संचात देतो, ज्याला ‘प्रोसेस डिझाइन किट’ किंवा ‘पीडीके’ म्हणतात. हा संच गोपनीयतेच्या करारावाचून मिळत नसे, आणि व्यावसायिक सॉफ्टवेअरचे परवाने तर बहुतेक महाविद्यालयांच्या ऐपतीबाहेरचे होते. परिणामी आयआयटीसारख्या थोड्या संस्था वगळता इतरांचे अ‍ॅनालॉग शिक्षण फळ्यावरच्या समीकरणांपाशी थांबत असे.

ही कोंडी फोडण्याच्या प्रयत्नात पवईचा वाटा मोठा आहे. शिक्षणात माहिती-तंत्रज्ञानाचा वापर वाढवण्यासाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय अभियानातून आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला, आणि त्याची धुरा रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी वाहिली. महागड्या सॉफ्टवेअरऐवजी खुली साधने महाविद्यालयांत रुजवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. परिमंडळ काढण्याचा ‘कायकॅड’ आणि गणित करणारा ‘एनजीस्पाइस’ यांना एका छत्राखाली आणणारी ‘ई-सिम’ ही प्रणाली, जी आधी ‘ऑस्कॅड’ या नावाने ओळखली जात असे, याच प्रकल्पात घडली. तिच्या जोडीला ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने शिक्षकाविना शिकता येतील असे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन उपलब्ध करून दिले. पडद्यावर इंग्रजी आज्ञा आणि कानावर मराठी स्पष्टीकरण, शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहण्याची सोय, ही पद्धत तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे आणि म्हणूनच तिचे मोल सॉफ्टवेअरइतकेच मानावे लागते.

भिंत प्रत्यक्ष ढासळली ती २०२० मध्ये. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ‘स्कायवॉटर’ या कारखान्याने गूगलच्या साहाय्याने आपल्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचा संच कोणत्याही कराराविना सर्वांसाठी खुला केला. ही प्रक्रिया आजच्या आघाडीच्या चिपच्या मानाने कित्येक पिढ्या जुनी असली तरी अ‍ॅनालॉग कामात अतिसूक्ष्मतेपेक्षा वर्तनाची खात्री अधिक मोलाची ठरते, त्यामुळे शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. ‘एक्सस्कीम’मध्ये परिमंडळ काढायचे, ‘एनजीस्पाइस’मध्ये पारखायचे, ‘मॅजिक’ किंवा ‘के-लेआउट’मध्ये थर आखायचे, आखलेले थर मूळ परिमंडळाशी जुळतात का हे ‘नेटजेन’ने तपासायचे, ही संपूर्ण वाट आता साध्या संगणकावर, एक रुपयाही परवान्यापोटी न देता चालता येते. २०२२ मध्ये फॉसीने ई-सिम आणि याच संचाच्या आधारे मिश्र, म्हणजे अ‍ॅनालॉग व डिजिटल अशा दोन्ही अंगांच्या, परिमंडळांची देशव्यापी स्पर्धाही घेतली.

आखलेली चिप कारखान्यातून बनून हाती आली नाही, तर मात्र हे शिक्षण अर्धेच राहते. प्रारंभी गूगलच्या खर्चाने अनेकांचे आराखडे एकाच सिलिकॉन चकतीवर एकत्र छापले जात. हे काम सांभाळणारी ‘ईफॅबलेस’ ही अमेरिकी कंपनी २०२५ मध्ये बंद पडली आणि परक्या सौजन्यावर उभ्या असलेल्या सोयीची मर्यादा उघड झाली. जर्मनीतील ‘आयएचपी’ या संशोधनसंस्थेने आपली १३० नॅनोमीटर प्रक्रिया खुली केल्याने एक पर्याय उरला आहे. भारतातही मोहालीची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा १८० नॅनोमीटरच्या चिप बनवते, आणि आयआयटी मुंबईत आखलेला ‘अजित’ हा प्रोसेसर तेथेच तयार होऊन २०१९ मध्ये जाहीर झाला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या या कारखान्याचा प्रक्रियासंच कराराच्या अटीविना विद्यार्थ्यांना खुला करावा आणि वर्षातून ठरावीक वेळा महाविद्यालयांचे आराखडे तेथे अल्प दरात छापून द्यावेत.