विंडोज मूव्ही मेकर
घरगुती चित्रफितींचे संगणकावर संपादन करण्याची मायक्रोसॉफ्ट कंपनीची विनामूल्य आज्ञावली (२०००–१७). अंकीय कॅमेऱ्याने घेतलेले चित्रण १९९५ नंतर फायरवायर तारेने थेट संगणकात उतरविता येऊ लागले व स्टुडिओतील महागड्या यंत्रांवाचून संपादन शक्य झाले. ॲपल कंपनीने ऑक्टोबर १९९९ मध्ये आयमूव्ही ही आज्ञावली काढली. पाठोपाठ सप्टेंबर २००० मध्ये विंडोज एमई या प्रणालीबरोबर मूव्ही मेकर आली. तिची पहिली आवृत्ती तुटपुंजीच होती. तयार चित्रफीत कंपनीच्या स्वतःच्या विंडोज मीडिया स्वरूपातच साठविता येई.

तिचा खरा प्रसार विंडोज एक्सपी (२००१) या प्रणालीमुळे झाला. दुसऱ्या आवृत्तीत दृश्यांतरे, शीर्षके व आपोआप जुळणी करण्याची सोय आली. चित्रणाचे तुकडे चित्रमालिकेत ओळीने मांडावयाचे किंवा कालपट्टीवर कमीअधिक लांबीचे कापावयाचे, ही पद्धत नवख्यासही थोड्या वेळात साधे. लग्नसमारंभाचे चित्रण किंवा शाळेतील प्रकल्प ज्यांनी प्रथमच जुळविला, अशा असंख्य लोकांना संपादनाचे पहिले धडे येथेच मिळाले.

व्हिस्टा प्रणालीतील (२००७) आवृत्ती दुबळ्या संगणकांवर चालेना; त्यांच्यासाठी जुन्या धर्तीची वेगळी आवृत्ती द्यावी लागली. विंडोज ७ मधून (२००९) आज्ञावली वगळण्यात आली. तिच्या जागी जवळपास त्याच नावाने नव्याने रचलेली आज्ञावली स्वतंत्रपणे उतरवून घेण्यासाठी ठेवली गेली. मात्र तीत कालपट्टी नव्हती. सोपेपणाच्या नावाखाली केलेली ही काटछाट जाणत्या वापरकर्त्यांना रुचली नाही, आणि ते योग्यच होते. २०१२ नंतर तिची नवी प्रमुख आवृत्ती निघाली नाही. १० जानेवारी २०१७ रोजी कंपनीने तिचा आधार व वितरण दोन्ही थांबविले.

आधी बसविलेल्या प्रती त्यानंतरही चालत राहिल्या. अडचण होती ती अपुऱ्या कामांची. प्रकल्पाच्या फाइलीत मूळ चित्रण नसे, तर कोणता तुकडा कोठे व किती लांबीचा घ्यावयाचा एवढीच नोंद असे. आज्ञावली किंवा मूळ चित्रण यांपैकी एक जरी हरवले, तरी ती नोंद व्यर्थ ठरे. पक्की चित्रफीत न करता केवळ प्रकल्प जपून ठेवणाऱ्यांच्या हे उशिरा ध्यानात आले. मागणी मात्र टिकून होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने याच नावाची एक बनावट आज्ञावली उघडकीस आणली. जी वस्तू कधीच विकली गेली नव्हती, तिच्या तथाकथित पूर्ण आवृत्तीसाठी ती पैसे मागत असे. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये क्लिपचँप ही संपादन कंपनी विकत घेतली व पुढील वर्षी तिच्या आज्ञावलीचा विंडोज ११ मध्ये समावेश केला.