नाताळ : तारीख एक, ऋतू अनेक

ख्रिस्तजन्माच्या उत्सवास आपण ‘नाताळ’ म्हणतो. शब्द पोर्तुगीज आहे. याच नावाचा एक प्रदेशही पृथ्वीच्या पाठीवर आहे. १४९७ च्या जुलैमध्ये लिस्बनहून निघालेला वास्को द गामा आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून हिंदुस्थानच्या वाटेने पुढे सरकला, तेव्हा नाताळाचे दिवस आले होते. म्हणून समोरच्या किनाऱ्यास त्याने तेच नाव दिले. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांताने ते आजही जपले आहे. त्या दिवशी लिस्बनमध्ये हिवाळा होता आणि या किनाऱ्यावर भर उन्हाळा. तारीख एकच, ऋतू नेमके उलटे. मग सण बांधलेला असतो तो तारखेला की ऋतूला? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती बंधूंचा नव्हे; तो आमच्या देवघरापर्यंत कसा येतो, हे पुढे दिसेल.

ख्रिस्ताचा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे बायबलात सांगितलेले नाही. २५ डिसेंबरचा जुना उल्लेख रोममध्ये ३५४ साली सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात मिळतो. ती नोंद ३३६ सालची असावी, असे विद्वान मानतात. हीच तारीख का निवडली गेली, याविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. तथापि जुन्या रोमन गणनेत हाच दिवस उत्तरायणारंभाचा मानला जाई. रात्र वाढायची थांबून प्रकाश वाढू लागतो, त्या वेळी त्रात्याचा जन्मोत्सव करावा, ही कल्पना थंड देशांतील माणसाच्या मनात सहज रुजली.

पुढे तारीख आणि ऋतू यांची फारकत होऊ लागली. जूलियन गणनेत वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते; ते खऱ्या सौरवर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे. सव्वाशेहून थोड्या अधिक वर्षांत एक दिवस चुके. अखेर १५८२ साली तेराव्या ग्रेगरी पोपने १० दिवस गाळून गणना सुधारली. इंग्लंडने त्यासाठी १७५१ साली कायदा केला आणि १७५२ मध्ये २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला! रशिया व सर्बिया येथील ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र जुनी गणना सोडली नाही. त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीस येतो. युक्रेनने २०२३ साली कायदा करून नाताळाची सुटी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली.

कायद्याच्या व्यवसायात वावरणाऱ्या आम्हांस या इतिहासात एक धडा दिसतो. कायदा तारीख हलवू शकतो. सण मोडणे त्याच्या आवाक्यात नसते. १६४७ साली इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने नाताळ साजरा करणेच बंद केले, तेव्हा कँटरबरीत दंगा उसळला. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली हा सण पाळणाऱ्यास ५ शिलिंग दंड ठरविला. १६८१ साली तो कायदा रद्द करावा लागला.

आणि ऋतू? तो तर कोणत्याच कायद्याला जुमानत नाही. बर्फ, शेकोटी व सजविलेला सूचिपर्णी वृक्ष हे नाताळाचे चित्र उत्तर युरोपचे. जर्मन घरांतला तो वृक्ष राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबासह १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात झळकला आणि इंग्रजी घरांत त्याचे प्रस्थ वाढले. तेथून हे चित्र जगभर गेले. उकाड्याच्या देशांतही कापसाचा बर्फ पसरला गेला. परंतु अस्सल नाताळ तेवढाच असे मानणे चुकीचे आहे. ऑस्ट्रेलियात तो ऐन उन्हाळ्यात येतो. मेलबर्न येथे १९३८ पासून लोक उघड्या आकाशाखाली, हाती मेणबत्त्या घेऊन स्तोत्रे गातात. न्यूझीलंडमध्ये त्याच सुमारास पोहुतुकावा वृक्ष लाल फुलांनी बहरतो आणि तोच तेथला नाताळवृक्ष ठरला आहे. फिलिपिन्समध्ये १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या अंधारात प्रार्थना होतात; आम्हांस कार्तिकातील काकड आरतीच आठवते. बांबू व कागद यांचे तेथील तारे तर आमच्या आकाशकंदिलांचे भाऊबंद! गोव्यात भाताची कापणी उरकलेली असते, हवेत गारवा असतो. तांदूळ, नारळ व गूळ यांचे दोदोल होते. आमच्या घरी चवथीला होणाऱ्या नेवऱ्यो ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी नाताळाला होतात.

आता आमच्याकडे वळू. १८६० पासून हिंदी मजूर त्याच नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांवर गेले आणि त्यांच्याबरोबर आमची दैवतेही गेली. तेथे दिवाळी वसंतात येते. सूर्य उत्तरेकडे निघाला म्हणजे आम्हांस ऊब येते. तेथे मात्र दिवस लहान होऊ लागतात. संकल्पात आम्ही देश, अयन, ऋतू, मास व तिथी यांचा उच्चार करतो. लक्ष्मीपूजनास बसलेल्या तेथील यजमानाने ‘शरद’ म्हणावे की ‘वसंत’?

निर्णय देण्याचा अधिकार शास्त्र्यांचा. आम्ही फक्त बाजू मांडतो. तिथी सोडू नये, कारण दूर गेलेल्यांस मूळ घराशी जोडणारा तोच धागा आहे. पण ऋतू डोळ्यांनी दिसेल तोच म्हणावा. देवापुढे उच्चारलेला शब्द खरा असला पाहिजे. शिवाय संकल्पात देशाचा उच्चार ठेवणाऱ्या पूर्वजांना देश बदलतो हे ठाऊक होतेच. ख्रिस्ती लोकांनी तारीख राखून आपापल्या मातीतले फूल व फराळ सणाला दिला. त्याने सण उणावला नाही. घरी मात्र आम्ही टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीची की इतरांची १४ ची, यावर वाद घालीत बसतो. तिळगूळ दोन्ही दिवशी गोडच लागतो, एवढे ध्यानी धरले तरी पुष्कळ झाले.