हरलेल्या डिझाइनचे पैसे कोण देतं?

खिशात पाचशेची नोट असेल तर काढा आणि दोन्ही बाजू बघा. पुढे आकड्याशेजारी रुपयाचं चिन्ह आहे. मागे गांधीजींचा चष्मा आहे, स्वच्छ भारतचा. ही दोन्ही चिन्हं सरकारनं एखाद्या जाहिरात कंपनीला काम देऊन करून घेतलेली नाहीत. दोन्ही खुल्या स्पर्धेतून आली.

आणि दोन्ही आपल्या जवळची. रुपयाचं चिन्ह केलं डी. उदय कुमार यांनी. ते तेव्हा पवईच्या आयआयटीत डिझाइनमध्ये पीएचडी करत होते. चष्मा केला कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी, २०१४ साली. दोघांचंही काम उत्तम आहे, त्यात शंकाच नाही. शिरोरेषा असलेला 'र' आणि रोमन 'आर' एकाच आकारात बसवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

पण आज मला जिंकलेल्यांबद्दल लिहायचं नाहीये. हरलेल्यांचा हिशेब मांडायचाय.

रुपयाच्या चिन्हाची स्पर्धा केंद्रीय अर्थ मंत्रालयानं मार्च २००९ मध्ये जाहीर केली. तीन हजारांच्या वर प्रवेशिका आल्या. त्यातून पाच निवडल्या आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळानं उदय कुमार यांच्या चिन्हावर शिक्कामोर्तब केलं. विजेत्याला अडीच लाख, अंतिम पाचांना २५-२५ हजार. म्हणजे सगळं धरून जास्तीत जास्त पावणेचार लाख.

आता भागाकार करा. पावणेचार लाख भागिले तीन हजार, म्हणजे एका प्रवेशिकेमागे १२५ रुपये. समजा प्रत्येकानं तीनच दिवस डोकं घातलं, तर दिवसाला ४२ रुपये पडले. तीन हजार माणसांचे तीन-तीन दिवस म्हणजे नऊ हजार दिवस. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर एका माणसाची तीस वर्षांची मेहनत. ती सरकारला पावणेचार लाखात बघायला मिळाली.

कुणी म्हणेल, अहो, राष्ट्रीय चिन्हाची गोष्ट आहे ती, पैशासाठी कोण करतं? मान्य. देशाच्या चलनाला चिन्ह देण्याची संधी रोज येत नाही, आणि ती सगळ्यांना खुली असावी हे बरोबरच आहे. अडचण पुढे आहे. दिल्लीनं जे देशासाठी एकदा केलं, ते गल्लीतल्या प्रत्येकानं उचललं. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की शहराशहरांत लोगो स्पर्धा, जिंगल स्पर्धा, लघुपट स्पर्धा, भिंती रंगवण्याच्या स्पर्धा सुरू होतात. मग बँकेचा वर्धापनदिन, शाळेचा सुवर्णमहोत्सव, सोसायटीचं बोधचिन्ह. बक्षीस काय? पाच हजार आणि सन्मानचिन्ह. बाकीच्यांना ई-प्रमाणपत्र.

खासगी धंद्यात तर स्पर्धा हा शब्दही लागत नाही. वाशी, नेरुळ, कोपरखैरणेत एक-दोन कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करणारी किती मुलं आहेत बघा. त्यांना ऐकावं लागतं, "दोन-तीन सॅम्पल करून दाखवा, आवडलं तर पुढे बघू." पाच जणांना असं सांगायचं, पंधरा सॅम्पल गोळा करायचे, आणि एकाला काम द्यायचं. कधी कधी त्यालाही नाही. चार महिन्यांनी आपल्याच सॅम्पलचा भाऊ शोभेल असा बोर्ड चौकात दिसतो. परदेशात या प्रकाराला 'स्पेक वर्क' म्हणतात. आधी काम करा, पैशाचं नंतर ठरवू. आमच्या पत्रकारितेतही ते आहे. "ट्रायल म्हणून पाच बातम्या पाठवा" हे मीही ऐकलंय. बातम्या छापून आल्या, ट्रायल काही संपली नाही.

आता रुपयाच्या स्पर्धेकडे परत या, कारण त्या शेवटच्या पाच जणांत एक नाव होतं नोंदिता कोरिया-मेहरोत्रा. या वास्तुविशारद. वडील चार्ल्स कोरिया. आणि इथून ही गोष्ट थेट आपल्या दारात येते.

१९६४ मध्ये मुंबई महापालिकेनं शहराचा विकास आराखडा पुढे आणला आणि लोकांच्या सूचना मागवल्या. तिघांना तो पटला नाही. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद, आणि शिरीष पटेल हे इंजिनिअर. त्यांचं म्हणणं होतं की बेट उत्तरेकडे किती लांबवणार, खाडीपलीकडे जा. कुणी काम दिलेलं नव्हतं, फी ठरलेली नव्हती. तरी त्यांनी पर्यायी योजना तयार केली. मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' या नियतकालिकाच्या जून १९६५ च्या अंकात ती छापून आली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई कागदावरून जमिनीवर उतरायला लागली.

म्हणजे ज्या शहरात बसून तुम्ही हे वाचताय, त्या शहराची कल्पनाच मुळात फुकट केलेल्या कामातून पुढे आली. मग आता तक्रार कशाची?

फरक नीट बघा. त्या तिघांना प्रश्न कुणी घालून दिला नव्हता, त्यांनी स्वतः उचलला. योजना स्वतःच्या नावानं छापली. कुणाच्या अटींखाली हक्क लिहून दिले नाहीत. आणि सरकारनं कल्पना स्वीकारल्यावर कोरियांना सिडकोचे मुख्य वास्तुविशारद नेमलं, पटेलांकडे नियोजन आणि बांधकामाची जबाबदारी दिली. कल्पना घेतली तेव्हा माणसंही सोबत घेतली. स्वतःच्या मर्जीनं समाजापुढे विचार मांडणं ही एक गोष्ट. गिऱ्हाइकानं आपली गरज सांगून शंभर जणांना राबवणं आणि एकाला पैसे देणं ही वेगळी गोष्ट. दोन्हीला 'फुकट काम' म्हटलं की घोळ होतो. (प्रवीणा मेहतांचं नाव मात्र आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे, हा प्रश्न उरतोच.)

दुसरी गोष्ट. आर्किटेक्ट लोकांनी ही लढाई फार आधी ओळखली. मोठ्या इमारतींसाठी स्पर्धा घेण्याची पद्धत जुनी आहे. आज आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती मुंबईची इमारत जॉर्ज विटेट यांच्याकडे आली ती १९०९ च्या खुल्या स्पर्धेतूनच. पण इंग्लंडात एकोणिसाव्या शतकातच आर्किटेक्ट वैतागले होते. गावोगावच्या समित्या नकाशे मागवायच्या, निर्णय घ्यायला त्या विषयातलं कुणीच नसायचं, आणि काम शेवटी ओळखीच्याला जायचं. तेव्हा त्यांनी एकी केली. पंच जाणकार नसेल तर आम्ही भाग घेणार नाही, असं सांगितलं. हळूहळू नियम आले.

आपल्याकडे १९७२ चा वास्तुविशारद कायदा झाला, त्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आली आणि तिनं स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वं केली. पंचांत आर्किटेक्ट हवेत, बक्षिसं आधी जाहीर हवीत, निमंत्रितांची स्पर्धा असेल तर प्रत्येकाला मानधन हवं. ती सगळीकडे पाळली जातात असा माझा दावा नाही. पण निदान बोट ठेवायला कागद आहे.

ग्राफिक डिझायनरकडे तो कागद नाही. त्यांच्यासाठी असा कायदा नाही, परिषद नाही. १९६३ साली लंडनमध्ये स्थापन झालेली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्पेक वर्कला विरोध करते, पण तिचं ऐकायला आपल्या नगरसेवकाला कुणी भाग पाडू शकत नाही. डिझाइन करणारा एकटा, घरून काम करणारा, पंचविशीतला. तो नाही म्हणाला तर शेजारचा हो म्हणणार, हे त्यालाही माहीत आणि मागणाऱ्यालाही.

"नवोदितांना व्यासपीठ मिळतं", हे वाक्य प्रत्येक पत्रकात असतं. एकाला मिळतं हे खरं. बाकीच्यांचं काम कुणी बघतसुद्धा नाही. आणि केटरर, मंडपवाला, साउंडवाला यांना आपण व्यासपीठ देत नाही, ॲडव्हान्स देतो. 'पाच जणांनी पंगत वाढा, ज्याची आमटी आवडेल त्याला पैसे' असं कुठल्या लग्नात बोलून बघा!

मोबदला हा शब्द या शहराला नवा नाही. याच जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली, १९८४ च्या जानेवारीत पाच शेतकऱ्यांनी जीव दिला, तेव्हा साडेबारा टक्क्यांची गोष्ट पुढे आली. त्या त्यागाची बरोबरी लोगोशी करायची नाही. पण मागितल्याशिवाय आणि एकत्र आल्याशिवाय मोबदला मिळत नाही, हे इथल्या माणसाला शिकवायची गरज नसावी.

म्हणून महापालिका, सिडको आणि लहानमोठ्या संस्थांकडे तीन साध्या मागण्या.

एक, आधी केलेली कामं बघून तीन-चार जण निवडा आणि त्या प्रत्येकाला नवीन डिझाइनचं मानधन द्या. न निवडलेल्यालाही.

दोन, जे डिझाइन निवडलं नाही त्याचे सगळे हक्क करणाऱ्याकडेच राहतील, हे जाहिरातीत लिहा.

तीन, पंचांत डिझाइन कळणारी माणसं ठेवा आणि त्यांची नावं आधी सांगा.

शाळकरी मुलांच्या चित्रकला स्पर्धांना यातलं काही लागू नाही, त्या खुशाल घ्या. प्रश्न त्यांचा आहे ज्यांचं घर यावर चालतं.

आणि डिझाइन करणाऱ्या पोरापोरींनो, अटी वाचल्याशिवाय 'मान्य आहे' दाबू नका. 'सर्व प्रवेशिका आयोजकांच्या मालकीच्या' ही ओळ हमखास असते, आणि ती फक्त विजेत्यापुरती नसते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनं व्हावं लागतं. नुसतं सॅम्पल पाठवलं म्हणून ते त्यांचं होत नाही. मेल जपून ठेवा, तारखा जपून ठेवा.

पुढची लोगो स्पर्धा जाहीर झाली की जाहिरातीखाली एवढाच प्रश्न विचारा: बाकीच्यांच्या कामाचे पैसे कोण देणार? दहा जणांनी विचारला तर उत्तर द्यावंच लागेल.