टिकलीचे पिस्तूल : इतिहास आणि निगा

पुरीमचा सण जवळ आला की इस्रायलमधील दुकानांत एस्तेर राणीचे मुकुट, मुखवटे आणि विदूषकाच्या टोप्या यांच्या शेजारी खेळण्यातील पिस्तुलेही मांडलेली दिसतात. त्यांत घालावयाच्या टिकल्यांना हिब्रूत 'काप्त्सोनीम' म्हणतात. आपल्या वडीलधाऱ्यांना हा शब्द येथे आल्यावर शिकावा लागला. वस्तू मात्र ओळखीची होती. मुंबईत काय आणि अलिबाग-पेणकडे काय, दिवाळीच्या दिवसांत मुलांच्या हाती असेच पिस्तूल आणि खिशात लाल कागदाची गुंडाळी असे. कोकणात आपले पूर्वज पुरीमला 'होळीचा सण' म्हणत. तेव्हा दिवाळीचे खेळणे आपल्याला होळीच्या सणाला पुन्हा भेटले, असे म्हणावयास हरकत नाही.

आज कित्येक घरांत असे एखादे जुने पिस्तूल पेटीच्या तळाशी पडलेले असते. कोणी ते मुंबईहून आणलेले असते, कोणी हौसेने विकत घेतलेले असते. हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी, टिकली वाजवणारी पिस्तुले जमवण्याचा छंद तर जगभर आहे. अशी वस्तू घरात ठेवावी की टाकून द्यावी, हा प्रश्न सुना-मुले विचारतात. आमचे मत असे की ती अवश्य ठेवावी. परंतु तिचा इतिहास समजून घेऊन ठेवावी. तिच्या निगेचा एकेक नियम त्या इतिहासातूनच निघालेला आहे.

या खेळण्याचा जन्म खऱ्या शस्त्राच्या पोटी झाला, ही पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट होय. अठराव्या शतकातील बंदूक गारगोटीच्या ठिणगीने पेटत असे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर जॉन फोर्साइथ नावाच्या पाद्र्याला शिकारीचा नाद होता. गारगोटीचा झगझगाट पाहून पक्षी गोळी पोहोचण्यापूर्वीच उडून जात. म्हणून त्याने केवळ आघाताने पेट घेणारी भुकटी बंदुकीस लावण्याची युक्ती शोधली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे ही भुकटी तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरू लागले. त्यानंतर वॉशिंग्टनचा एडवर्ड मेनार्ड हा दंतवैद्य पुढे आला. त्याने कागदाच्या दोन पट्ट्यांमध्ये स्फोटक द्रव्याचे ठिपके बसवून त्यांची गुंडाळी केली. घोडा मागे ओढला की पट्टी एक ठिपका पुढे सरके. १८४५ सालचे हे पेटंट म्हणजे आपल्या मुलांच्या टिकल्यांच्या गुंडाळीचे थेट पूर्वरूप होय.

अमेरिकेच्या सैन्याने १८५५ च्या बंदुकीत ही पट्टी स्वीकारली, परंतु १८६१ च्या नमुन्यात ती वगळली. कारण पावसाळी, दमट हवेत कागद दगा देई. कोकणातल्या पावसाळ्यानंतर दिवाळीत काढलेल्या जुन्या टिकल्या फुसक्या का निघत, याचे उत्तर येथे सापडते. यावरून पहिला नियम असा की टिकल्या कोरड्या जागी, त्यांच्या मूळ वेष्टनात आणि पिस्तुलापासून वेगळ्या ठेवाव्यात. पिस्तूल कपाटात ठेवताना त्यात एकही टिकली राहू देऊ नये.

सैन्याने टाकलेली कल्पना खेळण्यांच्या कारखानदारांनी उचलली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धानंतर बिडाची ओतीव टिकली पिस्तुले बाजारात मोठ्या प्रमाणावर आली. कनेटिकट राज्यातील क्रॉमवेल गावचा, १८४३ साली स्थापन झालेला जे. अँड ई. स्टीव्हन्स हा कारखाना या कामात नावाजलेला होता. पुढे चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीने गुराखी वीरांचे वेड घरोघर नेले आणि या खेळण्यांना सुगीचे दिवस आले. दुसऱ्या महायुद्धात धातू युद्धकार्याकडे वळल्याने बिडाची खेळणी मागे पडली. युद्धानंतर साच्यात दाबून ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची, निकेलचा मुलामा दिलेली पिस्तुले आली. पेनसिल्व्हेनियातील हबली आणि टेक्ससमधील निकोल्स या कंपन्यांची त्या काळची पिस्तुले आज संग्राहक आवडीने शोधतात.

टिकलीच्या पोटात काय असते, हेही पाहिले पाहिजे. विसाव्या शतकात रूढ झालेल्या टिकलीत मुख्यतः पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे आगपेटीच्या उदाहरणाने समजावीत असू. सुरक्षित आगपेटीत क्लोरेट काडीच्या टोकावर असते आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेवर असतो. दोघांना मुद्दाम दूर ठेवलेले असते. घासल्यावाचून ते भेटत नाहीत. टिकलीत मात्र हे दोघे शेजारी नव्हे, एकाच ठिपक्यात नांदतात. म्हणून किंचित आघातही पुरतो. कारखान्यात हे मिश्रण ओले असतानाच हाताळतात, कारण कोरडे झाले की ते अत्यंत धोक्याचे असते.

अमेरिकेच्या नियमांनुसार एका कागदी टिकलीत सुमारे १६ मिलिग्रॅमहून अधिक स्फोटक असता कामा नये. एवढ्याशा द्रव्याने इजा होत नाही असे वाटते. परंतु मुले हौसेने टिकल्या खरवडून त्यांची भुकटी एकत्र करतात आणि मग खेळणे खेळणे राहत नाही. सुट्या टिकल्या खिशात एकमेकींवर घासून पेटल्याने मुले भाजल्याचीही उदाहरणे आहेत. आवाजाचेही तसेच. ज्या टिकल्यांचा आवाज १३८ ते १५८ डेसिबलच्या दरम्यान असतो, त्यांच्या वेष्टनावर कानापासून एक फुटाच्या आत वाजवू नये आणि घरात वाजवू नये, अशी सूचना छापण्याचे बंधन त्या देशात पूर्वी होते. त्याहून मोठ्या आवाजाच्या टिकल्यांना त्या नियमांनी तेथे बंदी होती. आपल्या घरी दोन्ही सूचना पाळाव्यात, आणि टिकली कधीही खरवडू नये.

आता निगेकडे वळू. टिकली जळाल्यावर मागे जी काळपट-पांढरी राख राहते, ती निरुपद्रवी नसते. तिच्यात क्षार असतात, आणि फॉस्फरसाचा धूर हवेतील ओलावा ओढून आम्ल बनतो. हे दोन्ही मिळून धातू खातात. बिडाला गंज चढतो, जस्तावर पांढरी बुरशीसारखी पूड येते. म्हणून वापर झाला की त्याच दिवशी सफाई करावी. प्रथम आत टिकली राहिली नाही ना, हे पाहावे. मग जुना दात घासण्याचा ब्रश साबणाच्या कोमट पाण्यात किंचित ओला करून घोड्याचे तोंड आणि ज्या लहानशा ऐरणीवर तो आपटतो ती जागा हलक्या हाताने घासावी. लगेच फडक्याने टिपून पूर्ण वाळवावे. सांध्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब पुरे. निकेलच्या मुलाम्यावर खरखरीत पॉलिश घासू नये. मुलामा एकदा गेला की परत येत नाही. जुने रंग नव्याने रंगवू नयेत. संग्राहक झिजलेल्या मूळ रंगालाच मान देतात. स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून घोडा खाली पाडून ठेवावा. प्लॅस्टिकची मूठ उन्हात ठेवल्यास पिवळी पडते आणि तडकते.

जस्ताच्या काही जुन्या वस्तूंना आतून भेगा पडतात आणि त्या हळूहळू फुटतात. ओतताना धातूत शिशासारखी भेसळ राहिल्याने हे घडते. त्यावर इलाज नाही. दमट हवेपासून दूर ठेवल्यास ऱ्हास मंदावतो इतकेच. तेल अवीव, अश्दोद किंवा हैफा अशा किनाऱ्यावरील गावांतील कुटुंबांनी कपाटात ओलावा शोषणारी पुडी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र घट्ट बांधू नये. ओल आतच कोंडते.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. खऱ्या शस्त्रापासून जन्मलेले हे खेळणे जितके हुबेहूब झाले, तितके ते पुन्हा शस्त्राच्या जवळ गेले. जपानमध्ये संग्राहकांसाठी आतील यंत्रणेसह नक्कल केलेली धातूची पिस्तुले निघू लागली, तेव्हा १९७१ साली तेथील कायद्याने त्यांची नळी बुजवणे आणि ती पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाची असणे सक्तीचे केले. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने खेळण्यातील पिस्तुलाच्या तोंडाशी ठळक नारिंगी खूण घालावयास लावली. या खुणा कोणास कुरूप वाटोत. त्यांचे मोल २०१४ साली क्लीव्हलंड शहरात कळून आले. तेथे बागेत खेळणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाजवळ छर्र्यांचे नकली पिस्तूल होते. त्यावरील नारिंगी खूण निघून गेलेली होती. पोलीस आले आणि काही क्षणांतच त्याच्यावर गोळी झाडली गेली. मुलगा दगावला.

आपण ज्या देशात राहतो तेथे बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या विशीतल्या सैनिकाच्या खांद्यावर खरी बंदूक असते. बहुधा तो आपल्याच कोणाचा मुलगा किंवा मुलगी असते. समोरच्या हातातील वस्तू खरी की खोटी, हे ओळखण्यास त्याला पळभराचाच अवधी असतो. त्या मुलाला अशा पेचात टाकण्याचा अधिकार आपल्या नातवंडांच्या खेळाला नाही. म्हणून हुबेहूब दिसणारे पिस्तूल घराबाहेर नेऊ नये, त्यावरील रंगीत खूण काढू नये, आणि ते कोणावर, थट्टेनेही, रोखू नये. पुरीमच्या दिवशी रस्त्यावर नेण्यासाठी भडक रंगाचे, उघड खेळण्यासारखे दिसणारे पिस्तूल वेगळे असावे. आजोबांचे पिस्तूल घरीच राहावे. मुंबईहून येता-जाता टिकल्या सामानात घेऊ नयेत. विमानात त्या स्फोटक समजल्या जातात आणि कोणत्याही पेटीत चालत नाहीत. नकली पिस्तूलही हातातील पिशवीत नेऊ देत नाहीत.

आणखी एक विनंती. अशा प्रत्येक वस्तूबरोबर एक कागद ठेवावा. ती कोणी घेतली, कोणत्या गावी, कोणत्या साली आणि कोणत्या सणाला, हे त्यावर मराठीत व हिब्रूत लिहावे. धातू दोनशे वर्षे टिकेल, पण हा तपशील सांगणारी पिढी हळूहळू मागे सरत आहे. येत्या पुरीमपूर्वी पेटी उघडून ज्येष्ठांना ते विचारून घ्यावे आणि त्यांच्याकडूनच ते पिस्तूल एकदा स्वच्छ करून घ्यावे. नातवंडे शेजारी बसून पाहतील, आणि निगा कशी राखावी हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.